डिस्चार्जला वेळ लागतो, म्हणजे नेमका कुठून कुठपर्यंत?

जिल्ह्याच्या ठिकाणी विश्वस्त संस्थेने चालवलेल्या १५० खाटांच्या रुग्णालयात गुणवत्ता विभाग सांभाळणाऱ्या एका वाचक भगिनीने आपली अडचण कळवली आहे. रुग्णाला घरी सोडायला फार वेळ लागतो अशा तक्रारी वाढल्यावर व्यवस्थापकीय विश्वस्तांनी बैठकीत त्यांना सांगितले, "डिस्चार्जचे तुम्ही बघा, तीन महिन्यांत वेळ निम्म्यावर आला पाहिजे." त्यांनी प्रत्येक विभागातून एक याप्रमाणे चौदा जणांची समिती केली, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, तीन बैठका घेतल्या आणि सर्वांकडून अपेक्षा मागवल्या. यादी ४१ मुद्द्यांची झाली. त्यात नवे सॉफ्टवेअर, दोन वाढीव सिस्टर, बिलिंगला दुसरा प्रिंटर, लिफ्टची दुरुस्ती आणि कॅन्टीनच्या वेळेपर्यंत सगळे आले. बिलिंग विभाग म्हणतो की आम्हाला दीड तास लागतो, नातेवाईक म्हणतात सहा तास लागतात, आणि खरे कोण बोलते ते कळत नाही. घरी सोडताना रुग्णाला द्यायच्या उपचारांच्या लेखी सारांशाबद्दल, म्हणजे समरीबद्दल, एका ज्येष्ठ डॉक्टरांनी भर बैठकीत "समरी लिहिणे हे माझे काम नाही" असे सांगितले. तिसऱ्या बैठकीला पाचच जण आले आणि तीनपैकी दोन महिने संपले. "मला पदाचा अधिकार नाही, कोणी ऐकत नाही. हे काम माझ्या कुवतीबाहेरचे आहे का, की सॉफ्टवेअरचा प्रस्ताव देऊन मोकळी होऊ?" असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या दीड तास आणि सहा तास या दोन आकड्यांपाशी मी बराच वेळ थांबलो. खरे कोण बोलते ते कळत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. माझ्या मते दोघेही खरे बोलत आहेत आणि तुमच्या कामाची गाठ तिथेच आहे. डॉक्टर साथ देत नाहीत, बैठकीला लोक येत नाहीत आणि मागण्यांची यादी फुगत चालली आहे, या तुम्हाला तीन वेगळ्या अडचणी वाटतात. मला त्या एकाच अडचणीच्या तीन बाजू दिसतात. जे काम तुमच्यावर सोपवले गेले ते कुठे सुरू होते, कुठे संपते, कुणासाठी आहे आणि कुणाच्या शब्दावर चालते, हे कुणीच ठरवले नाही, आणि ते ठरण्याआधीच समिती बसली.

तुमच्याच वॉर्डातली एखादी सकाळ डोळ्यांसमोर आणा. साडेनऊला राउंडवर आलेले डॉक्टर रुग्णाच्या पोटावर हात ठेवून पाहतात आणि म्हणतात, "छान आहे, आज सोडू या." त्या क्षणी रुग्णाची मुलगी खाटेखालची पिशवी ओढते, थर्मास, डबा आणि चादर भरते, आणि घरी फोन करते की निघतोय. तिचे घड्याळ सुरू झाले. डॉक्टर पुढच्या खाटेकडे आणि तिथून ओपीडीत जातात. समरी लिहायची ती आरएमओंनी, म्हणजे निवासी डॉक्टरांनी, आणि ते दुपारपर्यंत दुसऱ्या मजल्यावर अडकलेले असतात. सिस्टर उरलेली इंजेक्शने आणि सलाइनच्या बाटल्या मोजून फार्मसी रिटर्नला काढून ठेवतात. समरी साडेबाराला येते. मग मावशी ती फाइल घेऊन खाली जातात, पण एकट्या फाइलसाठी नाही, कारण लिफ्ट नीट चालत नाही आणि गुडघे दुखतात. चार फायली जमल्या की त्या निघतात. बिलिंगच्या खिडकीत फाइलची संगणकावर नोंद होते तेव्हा बिलिंगचे घड्याळ सुरू होते आणि अंतिम बिल छापून बाहेर येते तेव्हा ते थांबते. एक ते अडीच, म्हणजे दीड तास. मुलगी पैसे भरून पावती घेऊन वर येते, सिस्टर हातातली सुई काढतात, गोळ्या समजावून सांगतात, गेट पास मिळतो आणि साडेतीनला ती माणसे वॉर्डाबाहेर पडतात. साडेनऊ ते साडेतीन, म्हणजे सहा तास.

बिलिंगने दीड तासाचा पाऊण तास करून दाखवला असता, तर तुमचे उद्दिष्ट कागदावर पुरे झाले असते आणि त्या मुलीचे सहा तास सव्वापाच तासांवर आले असते. म्हणून पहिले काम एकच आहे. घड्याळ कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे, हे लिहून काढा आणि त्यावर वरिष्ठांची सही घ्या.

यासाठी तुम्हाला नवे काही शोधावे लागणार नाही. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या गुणवत्ता निर्देशकांत डिस्चार्जला लागणारा वेळ हा एक निर्देशक आहे, हे तुम्ही जाणताच. त्यात ही प्रक्रिया डॉक्टरांनी औपचारिक मंजुरी दिली की सुरू होते आणि रुग्ण वॉर्ड सोडतो तेव्हा संपते. रुग्णाने स्वतःहून थांबण्याची मुभा मागितली असेल, तर तो वेळ धरत नाहीत. ही व्याख्या जशीच्या तशी घ्या. मात्र त्यातला 'औपचारिक' हा शब्द तुमच्या रुग्णालयात कशाला म्हणायचे ते ठरवून घ्या. खाटेपाशी म्हटलेले "सोडू या" औपचारिक मानायचे, की केसपेपरवर वेळेसह लिहिलेली नोंद? माझा कौल लेखी नोंदीला आहे, पण त्यासोबत एक धोकाही सांगतो. तोंडी शब्द आणि लेखी नोंद यांच्यात दोन तास गेले, तर तुमच्या मोजणीत ते दिसणारच नाहीत आणि मुलगी मात्र पिशवी घेऊन बसलेलीच असेल. म्हणून राउंडवर सोबत असलेल्या सिस्टरने तोंडी शब्दाची वेळही टिपून ठेवावी, असे मी सुचवेन.

आता 'निम्म्यावर आणा' या वाक्याकडे वळू. तुम्ही ते उद्दिष्ट म्हणून स्वीकारले. विश्वस्तांचा हेतू चांगला असेल याबद्दल मला शंका नाही, पण निम्मे म्हणजे कशाच्या निम्मे, हे त्यांनी सांगितले नाही आणि तुम्हीही विचारले नाही. वरिष्ठ बोलले म्हणजे व्याप्ती ठरली, असे आपल्याकडे धरून चालण्याची रीत आहे. खरे तर वरिष्ठ तक्रार सांगतात आणि तिची मोजता येण्यासारखी व्याख्या करून ती त्यांच्याकडे परत नेणे हे आपले काम असते. त्यांना प्रश्न विचारला तर आपल्याला काम समजत नाही असे वाटेल, ही भीती तुमच्या पत्रात दोन ठिकाणी डोकावते. माझा अनुभव उलटा आहे. आकडे हातात घेऊन विचारलेल्या प्रश्नाचा राग आलेला वरिष्ठ मी क्वचितच पाहिला, तीन महिन्यांनी "आपण कुठले तास म्हणत होतात?" असे विचारलेले मात्र कुणालाच आवडत नाही.

तेव्हा दोन आठवडे फक्त मोजा. प्रत्येक फाइलच्या दर्शनी भागावर एक चिठ्ठी लावा आणि तिच्यावर सहा वेळा लिहायच्या: डॉक्टरांचा तोंडी शब्द, लेखी नोंद, समरी तयार, फाइल बिलिंगला पोहोचली, अंतिम बिल निघाले, रुग्ण वॉर्डाबाहेर पडला. जी व्यक्ती ते काम करते तिनेच त्या वेळी ती वेळ टाकायची. दिवसाच्या शेवटी आठवून भरलेले आकडे तुमच्या कामाचे नाहीत. रोख बिलाचे, कॅशलेस विम्याचे आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतले रुग्ण वेगवेगळे मांडा, कारण तिघांच्या वाटा वेगळ्या आहेत. कॅशलेस रुग्णाची फाइल टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था) डेस्कवरून विमा कंपनीकडे जाते, आणि योजनेतल्या रुग्णाच्या कागदपत्रांत आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेने रुग्णालयात नेमलेल्या मदतनिसाचा, हात लागतो. तिन्हींची एकत्र सरासरी काढलीत, तर तो आकडा कुठल्याच रुग्णाचा नसेल. सरासरीऐवजी सगळ्या वेळा चढत्या क्रमाने मांडून मधली वेळ पाहा आणि शेवटच्या, सर्वांत रखडलेल्या दहा फायली हातात घेऊन बसा. त्या दहा फायली तुम्हाला तीन बैठकांपेक्षा जास्त सांगतील.

या दोन आठवड्यांतला किमान एक दिवस तुम्ही स्वतः सकाळी नऊपासून वॉर्डात उभ्या राहा. टोयोटाचे ताइची ओनो अभियंत्यांना कारखान्याच्या फरशीवर खडूने आखलेल्या वर्तुळात तासन्‌तास उभे करून नुसते पाहायला लावत, असे सांगतात. तुम्ही खडू आणू नका, पण मावशी किती वाजता उठल्या आणि किती फायली घेऊन उठल्या, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. चार फायली एकदम खाली गेल्या की बिलिंगच्या खिडकीत आपोआप रांग लागते आणि चौथ्या फाइलवाल्याला वाटते की बिलिंगचे लोक संथ आहेत.

आता गरजांबद्दल, कारण माझ्या मते सर्वांत मोठी चूक इथे झाली आहे आणि ती अगदी सद्भावनेने झाली आहे. तुम्ही चौदा विभागांना "तुमच्या काय अपेक्षा आहेत?" असे विचारले. या प्रश्नाला माणूस जे देतो त्याला मागणी म्हणतात, आणि मागणीच्या पोटात नेहमी एक तयार उपाय असतो. प्रिंटर हा उपाय आहे, सॉफ्टवेअर हा उपाय आहे, दोन सिस्टर हासुद्धा उपाय आहे. त्यामागची गरज काय, हे विचारायचे राहून गेले. "दुसरा प्रिंटर कशासाठी?" असे बिलिंगला विचारलेत तर कदाचित कळेल की बारा ते दोनच्या दरम्यान सगळ्या फायली एकदम येतात आणि बाकी दिवसभर आहे तो प्रिंटर मोकळाच असतो. मग गरज प्रिंटरची नसते, फायली दिवसभरात विखरून येण्याची असते, आणि तिची चावी बिलिंगमध्ये नसून राउंडच्या वेळेत असते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. या चौदा जणांत रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना कुणी विचारले, याचा पत्रात उल्लेख नाही. 'लवकर सोडा' एवढीच त्यांची गरज आहे असे तुम्ही गृहीत धरले आहे. तुमच्या वॉर्डातल्या दहा कुटुंबांशी पाच-पाच मिनिटे बोला. जिल्ह्याच्या ठिकाणी येणारा रुग्ण तालुक्याच्या गावातून, कधी त्याच्याही पलीकडच्या वाडीतून आलेला असतो. घरी न्यायला भाड्याची गाडी सांगितली तर ती फाटकाबाहेर थांबते आणि थांबण्याचे पैसे वाढत जातात. गाडी नसली तर वाडीकडे जाणारी शेवटची एसटी चुकते आणि ऑपरेशन झालेल्या माणसाला घेऊन रात्र काढायची कुठे, हा प्रश्न उभा राहतो. अशी माणसे तुम्हाला बहुधा सांगतील की चार वाजता सोडणार असाल तर चार सांगा, आम्ही गाडी साडेतीनला बोलावतो. पण दहाला सांगून चारला सोडू नका. हे ऐकल्यावर तुमच्या कामाचा रोखच बदलेल. सहा तासांचे तीन करणे अवघड असेल, पण आदल्या संध्याकाळी "उद्या दुपारी दोनला सोडू" असे सांगून ते पाळणे, हे कदाचित एका महिन्यात साधण्यासारखे आहे, आणि नियोजित डिस्चार्जच्या बाबतीत तर नक्कीच. त्यामुळे समरी आदल्या रात्री लिहून ठेवता येते, फार्मसी रिटर्न सकाळी निघते, आणि बिलाचा अंदाज नातेवाइकांना आधी कळल्याने पैशांची जुळवाजुळव खिडकीपाशी करावी लागत नाही.

गरज लिहिताना ती मोजता येईल अशा वाक्यात लिहा. 'प्रक्रिया सुरळीत व्हावी' हे वाक्य खोडून टाका. 'आदल्या संध्याकाळी सांगितलेल्या वेळेच्या पुढेमागे अर्ध्या तासात रुग्ण वॉर्डाबाहेर पडावा' असे लिहिले, तर ते झाले की नाही यावर वाद राहत नाही. ज्यांची गरज आहे त्यांत एक माणूस सहज विसरला जातो. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर पडून वरच्या मजल्यावरची खाट रिकामी होण्याची वाट पाहणारा पुढचा रुग्ण कुठल्याच समितीत नसतो. त्याच्या वतीने तुम्ही बोला.

गरजांच्याच कागदावर, काय बिघडता कामा नये हेही लिहा. घाई केली की सर्वांत आधी कापला जातो तो सिस्टरने गोळ्या समजावून सांगण्याचा वेळ, कारण तो कुणाच्याच संगणकात दिसत नाही. रक्त पातळ करणारी गोळी घेऊन घरी जाणाऱ्या माणसाला ती कधी घ्यायची आणि कधी थांबवायची हे नीट कळले नाही, तर तुम्ही वाचवलेल्या पाऊण तासाला काडीची किंमत नाही. म्हणून वेळेसोबत आणखी दोन आकडे पाहायचे, बिलात मागाहून करावी लागलेली दुरुस्ती आणि ठरल्याशिवाय परत दाखल झालेले रुग्ण. हे वाढले तर आपण थांबायचे, असे आधीच लिहून ठेवा.

व्याप्तीची रेघ ओढण्यासाठी एक साधी कृती सांगतो. भिंतीवर मोठा कागद लावून त्यावर एक चौकट आखा. तुमच्याकडचे ४१ मुद्दे एकेका चिठ्ठीवर लिहा आणि प्रत्येक चिठ्ठी चौकटीच्या आत, बाहेर किंवा रेघेवर लावा. आत तेच, जे घड्याळाच्या दोन टोकांमध्ये येते आणि ठरलेल्या मुदतीत तुमच्या माणसांच्या हातून बदलू शकते. कॅन्टीनची वेळ बाहेर जाईल. लिफ्टची दुरुस्ती बाहेर जाईल, पण ती ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांच्या नावाने जाईल, कारण नाव न लिहिता बाहेर ठेवलेली चिठ्ठी म्हणजे त्या माणसाचा अपमान असतो आणि तो पुढच्या बैठकीला येत नाही. तुमच्या बैठकीची गळती अशीच सुरू झाली असावी, असा माझा कयास आहे.

रेघेवरच्या चिठ्ठ्यांवर मात्र वेळ घालवा. विमा कंपनीची मंजुरी ही अशी चिठ्ठी आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २९ मे २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार रुग्णालयाकडून डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून तीन तासांत कंपनीने अंतिम मंजुरी द्यायची आहे, आणि उशिरामुळे रुग्णालयाने लावलेला जादा खर्च कंपनीने आपल्या भागधारकांच्या निधीतून सोसायचा आहे. हे तीन तास तुमच्या हातात नाहीत, म्हणून ते चौकटीबाहेर. पण ते तीन तास सुरू कधी होतात, हे पूर्णपणे तुमच्या हातात आहे. समरी आणि बिल एकला गेले तर मंजुरी चारपर्यंत येईल. तेच दहाला गेले तर एकपर्यंत. म्हणजे 'विनंती कंपनीकडे जाईपर्यंत' हा भाग आत आणि त्यापुढचा बाहेर. रेघ इतकी नेमकी ओढता आली की 'टीपीएमुळे उशीर होतो' हे वाक्य बैठकीत कुणाला तोंडावर फेकता येत नाही.

आणि चौकट लहान ठेवा. सगळे वॉर्ड, सगळ्या प्रकारचे रुग्ण असे घेऊ नका. एक वॉर्ड घ्या, शक्यतो सर्जरीचा, कारण तिथले बरेच डिस्चार्ज आधी ठरलेले असतात, आणि पहिल्या फेरीत रोख व कॅशलेस एवढेच रुग्ण घ्या. व्याप्ती मोठी ठेवली तर सर्वांना आपले वाटेल, असे तुम्ही लिहिले आहे. तसे होत नाही. ज्यात सगळे असतात त्यात कुणाचेच नाव नसते.

यातून माणसांचा प्रश्न येतो. चौदा जणांची समिती सल्ल्यासाठी ठीक आहे. काम करायला पाच-सहा माणसे पुरतात, आणि ती हुद्द्यावरून निवडायची नसतात. माझी एक चूक इथे सांगायला हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कारखान्यात माल वेळेवर बाहेर पडत नाही म्हणून मी असेच काम हाती घेतले होते आणि सगळे विभागप्रमुख गटात घेतले होते. तीन महिने आम्ही पॅकिंगमध्ये सुधारणा करत राहिलो. मग एके दिवशी फाटकावर चलन लिहिणाऱ्या कारकुनाने सहज सांगितले की तपासणीचा दाखला दुपारी तीननंतरच सही होऊन येतो, त्याआधी तो गाडी सोडूच शकत नाही. त्याला पहिल्या दिवसापासून हे ठाऊक होते. त्याला कुणी विचारले नव्हते, आणि विचारणारा मीच असायला हवा होतो. तुमच्या गटात त्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर, समरी प्रत्यक्ष लिहिणारे आरएमओ, बिलिंगच्या खिडकीत बसणारी व्यक्ती, टीपीए डेस्कवरची व्यक्ती, फार्मसी रिटर्न घेणारा कर्मचारी आणि फायली नेणाऱ्या मावशी असाव्यात. मावशींना बैठकीत बोलायला संकोच वाटत असेल, तर त्यांच्याशी वॉर्डात बोला आणि त्यांचे म्हणणे त्यांच्या नावाने बैठकीत मांडा. या सगळ्यांचे आठवड्यातले दोन तास ड्यूटीच्या तक्त्यातच मोकळे झाले पाहिजेत; ड्यूटी संपल्यावर थांबून करायच्या कामाला माणसे दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

प्रत्येक पायरीसाठी चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढा: हे कोण करणार, ते झाले नाही तर उत्तर कोण देणार, करण्यापूर्वी कुणाला विचारायचे आणि झाल्यावर कुणाला कळवायचे. करणारे दोन-तीन असू शकतात, पण उत्तर देणारे नाव एकच हवे. समरीच्या पायरीसमोर तुम्ही हे लिहायला बसलात, की त्या ज्येष्ठ डॉक्टरांचे वाक्य वेगळे ऐकू येईल. "समरी लिहिणे हे माझे काम नाही" यात मला नुसता आडमुठेपणा ऐकू येत नाही. बहुधा ते खरे सांगत आहेत, लिहिण्याचे काम आरएमओंचेच असेल. त्यांना विचारायचा प्रश्न निराळा आहे: समरी वेळेत झाली नाही तर उत्तर कुणाचे, आणि आपण तपासून सही किती वाजता कराल? हा प्रश्न चारचौघांत विचारू नका. त्यांच्या ओपीडीनंतर, त्यांच्याच पाच रुग्णांच्या चिठ्ठ्या घेऊन एकट्या भेटा. आपला रुग्ण सहीसाठी अडीच तास थांबला, हे बहुतेक डॉक्टरांना ठाऊक नसते आणि कळल्यावर आवडत नाही. मागणी एकच ठेवा: उद्या घरी जाऊ शकतील अशा रुग्णांची नावे आज संध्याकाळच्या राउंडला सांगावीत.

तुम्हाला अधिकार नाही, हे तुमचे म्हणणे खरे आहे, आणि ते लपवून काम पुढे नेण्याचा प्रयत्न करू नका. डॉक्टरांच्या राउंडची वेळ बदलणे गुणवत्ता विभागाच्या हातात नसते, विश्वस्तांनाही ते थेट करणे अवघड जाते. तो शब्द वैद्यकीय संचालकांचा असतो. म्हणून या कामाचे पाठीराखे म्हणून त्यांचे नाव कागदावर हवे. अडथळा आला तर ते दोन दिवसांत निर्णय देतील, असे स्पष्ट लिहून घ्या. त्याचबरोबर, मुदत संपल्यावर ही व्यवस्था कोण सांभाळणार तेही आजच ठरवा. तो माणूस तुम्ही नसावा. रोजची व्यवस्था गुणवत्ता विभागाकडे राहिली, तर तुमची बदली झाली किंवा तुम्ही रजेवर गेलात की ती बंद पडते. ती वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरकडे किंवा नर्सिंग अधीक्षकांकडे असावी. तुमची भूमिका मोजण्याची, जुळवून आणण्याची आणि विचारत राहण्याची आहे. ती कमी मोलाची नाही.

सॉफ्टवेअरचा प्रस्ताव देऊन मोकळे व्हावे का, याचे उत्तर थोडक्यात देतो. आत्ता नको. मावशी चार फायली जमेपर्यंत थांबतात आणि सही दुपारी होते, ही स्थिती संगणकात घातली तर संगणकही तिथेच थांबेल. दोन आठवड्यांच्या चिठ्ठ्यांवरून फाइल ने-आण करण्यातच सर्वाधिक वेळ जातो असे दिसले, तर प्रस्ताव जरूर द्या; तेव्हा तुमच्या हातात आकडा असेल. काम परत करणे हाही एक मार्ग आहे आणि त्यात लाज नाही. पण त्याआधी एक पान लिहून वैद्यकीय संचालक आणि विश्वस्त यांच्यासमोर ठेवा. त्यात साधारण असे असावे: "सर्जरी वॉर्डातील रोख व कॅशलेस रुग्णांना डॉक्टरांच्या लेखी नोंदीपासून वॉर्ड सोडेपर्यंत लागणारा वेळ आम्ही दोन आठवडे मोजत आहोत. मधली वेळ कळल्यावर उद्दिष्टाचा आकडा आपल्या संमतीने ठरवू. विमा कंपनीकडील मंजुरीचा काळ, इतर वॉर्ड आणि नवीन खरेदी या फेरीत धरलेली नाही. सहा जणांचे आठवड्यातले दोन तास आणि वैद्यकीय संचालकांचा पाठिंबा आवश्यक आहे. व्याप्तीत बदल करायचा झाल्यास मुदतीत काय बदल होईल ते लेखी ठरवून मगच करू." दोन महिने गेले असल्याने मुदत आजपासून नव्याने मागा, आणि का मागता तेही सांगा. या पानावर सही करायला वरिष्ठ तयार नसतील, तर त्या प्रक्रियेत बदल घडवण्याची जबाबदारी घेऊ नका. फक्त मोजणीचा अहवाल देण्याची घ्या आणि तसे लिहून कळवा.

गेलेले दोन महिने वाया गेले असे मानू नका. प्रक्रिया सुधारण्याची जी पाच टप्प्यांची पद्धत आज सगळीकडे शिकवतात, ती मोटोरोला कंपनीत १९८० च्या दशकात आकाराला आली तेव्हा मोजणे, विश्लेषण, सुधारणा आणि नियंत्रण असे चारच टप्पे होते. व्याख्या करण्याचा पहिला टप्पा नंतर पुढे जोडला गेला. जे इतक्या अनुभवी लोकांना मागाहून सुचले, ते तुम्हाला दोन महिन्यांनी सुचले तर त्यात कुवतीचा प्रश्न येत नाही. पतसंस्थेत कर्जमंजुरीला उशीर होतो म्हणून, किंवा महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळी गोंधळ होतो म्हणून ज्यांच्यावर असे काम येऊन पडले आहे, त्या वाचकांनीही फाइल, खिडकी आणि सही हे शब्द आपापल्या ठिकाणचे घालून पाहावेत. अर्ज दिल्यापासून मोजायचे की अर्ज परिपूर्ण झाल्यापासून, हा पहिला वाद तिथेही तोच असेल.

व्हॉट्सॲपचा ग्रुप बंद करू नका. आज संध्याकाळी त्यावर एवढेच लिहा: "आपण सर्वांनी दिलेले ४१ मुद्दे माझ्याकडे जपून ठेवले आहेत. प्रत्येक मुद्दा कुणाकडे जाणार, हे त्याच्या नावासह पंधरा दिवसांत कळवीन. सोमवारपासून सर्जरी वॉर्डात प्रत्येक फाइलवर एक चिठ्ठी असेल. ती आपल्या हातात आली की फक्त त्या वेळचे घड्याळ पाहून वेळ लिहा. पहिल्या दिवशी नऊ वाजल्यापासून मी वॉर्डातच असेन." आणि सोमवारी नऊला खरोखर तिथे असा.